नेलबाईंचा भाऊ

रविवार, ३ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली आहे. वरदाची आज्ञा. लेक म्हणते, बाबा, तू दिवसभर कोणाशी बोलत नाहीस, निदान लिही तरी. मी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांना भूल दिली. माझं काम सुरू झालं की समोरचा झोपायचा, त्यामुळे गप्पांची सवय बेताचीच. ते खातं बायकोकडे, सुप्रभाकडे होतं. ती गेल्यापासून घरात बोलतो तो एकटा रेडिओ.

पण कोणाशीच बोलत नाही हे खोटं आहे. शेजारच्या नेलबाईंशी मी रोज बोलतो. मिसेस नेल पार्किन, वय अठ्ठ्याण्णव. जन्माने डच. जर्मनांनी त्यांचा देश घेतला तेव्हा या बाई शाळकरी होत्या. थोड्या मोठ्या झाल्यावर सायकलवरून बंदी घातलेली वर्तमानपत्रं वाटायच्या, घराच्या पोटमाळ्यावर एका ज्यू शिंप्याला आणि त्याच्या लहान मुलीला लपवलं होतं. पकडल्या गेल्या असत्या तर गोळीच होती. युद्ध संपल्यावर एका इंग्रज सोल्जरशी लग्न करून इथे आल्या आणि थोड्याच वर्षांत एक भलतंच काम सुरू केलं. दर उन्हाळ्यात जर्मन मुलं इथे आणायची आणि ज्यांची घरं बाँबने पडली होती अशा इंग्रज कुटुंबांत राहायला ठेवायची. पहिल्या वर्षी कुणीतरी त्यांच्या खिडकीवर वीट मारली. बाईंनी काच बसवून घेतली आणि पुढच्या वर्षी दुप्पट मुलं आणली.

अजूनही शाळांतून, चर्चमधून भाषणं देत फिरतात. मी त्यांचा ड्रायव्हर. आज एका चर्चच्या हॉलमध्ये म्हणाल्या, "तह सरकारं करतात. त्यानंतरची भांडी आपल्याला घासावी लागतात." लोक हसले. मी हे वाक्य दहाव्यांदा ऐकलं असेन, तरी हसलो.

मंगळवार, १९ सप्टेंबर

गणपती बसवले. उकडीचे मोदक मी केले. त्यातले काही मोदकासारखे दिसत होते.

नेलबाईंना जेवायला बोलावलं होतं. दोन मोदक आवडीने खाल्ले. मी तिसरा वाढायला गेलो तर म्हणाल्या, "नाही, पोट भरलं." मी अर्थातच वाढला, वर तूप सोडलं. पाहुणा नको म्हणतो, यजमान वाढतो, पाहुणा अरे अरे करत खातो. यालाच जेवण म्हणतात. पण बाईंनी हात लावला नाही. तुपातला मोदक ताटात तसाच. म्हणाल्या, "मी नाही म्हटलं होतं, मोहन."

मी आग्रह ही काय चीज आहे ते समजावून सांगितलं. पहिलं नको हे खरं नसतं, दुसरं शिष्टाचाराचं, तिसऱ्याला विचार करायचा. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "मग ज्याला खरंच नको असेल त्याने काय करायचं?" असा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही.

संध्याकाळी रेखाचा फोन येऊन गेला. घेतला नाही, हात तुपाचे होते. नंतर हात धुतले, पण तोवर बातम्या लागल्या.

बुधवार, २० सप्टेंबर

रेखाबद्दल एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

रेखा माझी धाकटी बहीण. लंडनच्या कडेला एजवेअरला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. इथून गाडीने अडीच तास. सुप्रभा गेली एप्रिल २०२० मध्ये. आठवून बघा ते दिवस. अंत्यविधीला मोजकीच माणसं, तीही लांब लांब बसवलेली. रेखाला मी फोनवर म्हटलं, येऊ नकोस, तू रोज पेशंट बघतेस, नियम आहेत, तिथूनच बघ. आता असं म्हणायचंच असतं. सख्खा भाऊ येऊ नको म्हणाला तर सख्खी बहीण त्याला चार शब्द सुनावते आणि गाडीत बसते. आमच्या घरात नको म्हटल्यावर कोणी थांबलंय असं मला आठवत नाही. ही थांबली. क्रेमॅटोरियमने वेबकास्टची सोय केली होती, ते लॅपटॉपवर बघितलं म्हणे. लॅपटॉपवर लोक क्रिकेट बघतात.

मी भांडलेलो नाही. मी फक्त कमी बोलतो. तब्येत आणि हवामान, बास.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आज शाळेत नेलबाईंचं भाषण. नववी-दहावीतली मुलं, निम्मी फोन लपवून बसलेली. तरी बाईंनी सायकलच्या सीटखाली वर्तमानपत्रं कशी लपवत ते सांगितलं आणि हॉल शांत झाला. शेवटी मायरा नावाच्या मुलीने विचारलं, "माफ करायला सगळ्यात अवघड कोण गेलं?"

बाईंनी ठरलेलं उत्तर दिलं. गावातला एक जर्मन अधिकारी, त्याने त्यांच्या मास्तरांना पकडून नेलं होतं. पुढे त्याच अधिकाऱ्याच्या मुलीला यांनी उन्हाळाभर घरी ठेवून घेतलं. टाळ्या पडल्या.

मग आम्ही गाडीतून परत निघालो. घराजवळच्या वळणावर म्हणाल्या, "त्या मुलीला मी खोटं सांगितलं."

मी गाडी बाजूला घेतली. मग कळलं की नेलबाईंना भाऊ आहे. विम. दोन वर्षांनी लहान, म्हणजे शहाण्णव. अजून जिवंत. हॉलंडमधल्या एका केअर होममध्ये असतो. सतराव्या वर्षी, घरातल्या कोणालाही न विचारता, हा मुलगा जर्मनांच्या फौजेत दाखल झाला. बहीण पोटमाळ्यावर माणसं लपवतेय आणि भाऊ जर्मनांचाच गणवेश चढवतोय! वडील युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्याअखेरीस गेले, मुलाचं नाव न घेता. युद्धानंतर विम दोन वर्षं तुरुंगात होता. सुटला तोवर बाई इंग्लंडला आल्या होत्या. तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द नाही.

"जर्मन परके होते," त्या म्हणाल्या. "परक्याला माफ करायला तेवढं लागत नाही. लहानपणी मी त्यांच्याबरोबर एका पांघरुणात झोपले नव्हते."

मी गाडी सुरू केली. पण मनात आलं ते इथे लिहितो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एवढी थोर बाई, अख्खा जर्मनी पोटात घातला आणि सख्खा भाऊ बाहेर. माणूस स्वतःच्या घरात कसा आंधळा असतो, आश्चर्य वाटतं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

नेलबाईंना सुचवून पाहिलं की विमला फोन करा. वय काय, दिवस काय राहिलेत. म्हणाल्या, "नाही."

हे झालं पहिलं 'नाही'.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

दसरा. काल पुन्हा विषय काढला होता. बाई वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाल्या, "मोहन, नाही." आवाजात मला थोडा मऊपणा वाटला. दुसरं नाही हे नेहमी मऊच असतं.

आज मुहूर्त चांगला म्हणून सीमोल्लंघन केलं. विमची मुलगी इनेका वर्षातून एकदा आत्याला भेटायला येते. तेवढं बाई चालवून घेतात, फक्त तिने बापाचं नाव काढायचं नाही. जुलैमध्ये आली होती तेव्हा काही इमर्जन्सी आली तर असावा म्हणून मला नंबर देऊन गेली. म्हटलं, ही इमर्जन्सी नाही तर काय? तिला फोन लावला.

आधी ती घाबरली, मग रडायला लागली. म्हणाली, "पपा दर आठवड्याला विचारतात, नेल कशी आहे. आत्याला चालणार आहे का पण?" मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला हौस नाही. पण दोन्हीकडे मध्ये पडणारं माणूस लागतंच. आमच्याकडे तर लग्नं, वाटण्या, रुसवेफुगवे, काहीही मध्यस्थाशिवाय पार पडत नाही. इथे लोक एकमेकांच्या दारावर टकटकसुद्धा विचार करून करतात, आणि मग भाऊबहिणी पाऊणशे वर्षं बोलत नाहीत.

रविवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन आणि युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रिमेम्ब्रन्स संडे एकाच दिवशी आले. सकाळी नेलबाईंची व्हीलचेअर ढकलत वॉर मेमोरियलपाशी गेलो. दर वर्षी त्या एका जर्मन मित्राबरोबर पुष्पचक्र ठेवायच्या. तो उन्हाळ्यात गेला. यंदा त्यांनी एकटीने ठेवलं आणि त्याच्या वाटची जागा मोकळी ठेवून किंचित डावीकडेच थांबल्या.

संध्याकाळी आमच्याकडे पूजेला आल्या. चकलीला कठीण म्हणाल्या, पण चहात बुडवून खाल्ली. मी भाऊबीज काय असते ते सांगितलं. भावाने बहिणीकडे जायचं, बहिणीने ओवाळायचं.

"भांडण झालं असेल तर?"

"तरी जायचं. किंबहुना तेव्हा तर जायचंच."

"तू जातोस?"

"एजवेअर लांब आहे," मी म्हटलं.

बाई निरांजनाकडे बघत राहिल्या. मला वाटलं विमचाच विचार करतायत. म्हणजे जमिनीत ओल आहे. बुधवारचं इनेकाशी सगळं ठरवलंय.

बुधवार, १५ नोव्हेंबर

वाईट झालं.

भाऊबीज आज की काल यावर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस जुंपली होती. मी आजची धरली. चारला आयपॅड घेऊन नेलबाईंकडे गेलो. टेबलावर टेकवून ठेवला, शेजारी चकल्या. म्हटलं, तुमच्यासाठी एक गंमत आहे. कॉल लागला. पडद्यावर इनेका, आणि तिच्या शेजारी खुर्चीत एक वाळलेला म्हातारा. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, टाय बांधलेला, केस पाणी लावून बसवलेले. त्याने फक्त म्हटलं, "नेल?"

बाईंनी एक क्षण बघितलं. मग चहाच्या किटलीवरची लोकरीची टोपी उचलली आणि आयपॅडवर घातली.

टोपीच्या आतून त्याचा आवाज येत राहिला. नेल? नेल? मी म्हटलं, दोनच मिनिटं, बोलू नका, नुसतं ऐका. मी टोपी काढायला हात पुढे केला तर बाईंनी माझं मनगट धरलं. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी काय पकड आहे! म्हणाल्या, "मी तुला ऑक्टोबरमध्ये नाही म्हटलं. एकदा नाही, दोनदा. तुझ्या भाषेत ते किती वेळा म्हणावं लागतं?"

मग मला माझ्या चकल्यांसकट घराबाहेर काढलं.

रेखाचा फोन आला होता. सांगायला काही नव्हतं म्हणून घेतला नाही.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

नेलबाई बोलत नाहीत. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना मी गुड मॉर्निंग म्हटलं, त्या डब्याकडेच बघत होत्या. त्यांच्या लायब्ररीतल्या भाषणाला टॅक्सी आली.

मी त्यांचं वाईट केलं का? मला खरंच कळत नाही. चांगलं करायला गेलो होतो. सुप्रभा असती तर म्हणाली असती, तुम्हाला कोणी सांगितलं होतं? हे तिचं आवडतं वाक्य होतं, आणि ते ऐकायला कोणी नाही म्हणून आज फार एकटं वाटतंय.

वरदाचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. बाजू घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, सॉरी, पण तुझा चूक आहे. नेल आजीने दोन टाइम नो म्हटला ना? मग नो म्हणजे नो."

"अगं, पण आपल्यात असं नसतं."

"हो, आय नो. आपल्यात असा नसतो. म्हणून तर आत्याने पण..." आणि थांबली.

"आत्याने पण काय?"

"काही नाही. तू आत्यालाच विचार ना. तिला कधीतरी प्रॉपर कॉल कर."

इथे जन्मलेल्या मुलांना मराठीही धड येत नाही आणि नात्यातलं तर काहीच कळत नाही. आत्याचा इथे काय संबंध?

बुधवार, २९ नोव्हेंबर

सकाळी दारावर टकटक. नेलबाई, वॉकर घेऊन, कोट घालून, दोन घरांमधलं अंतर चालून आल्या होत्या. मी हात द्यायला गेलो तर म्हणाल्या, नको. मी हात मागे घेतला. त्यांनी ते बघितलं.

खुर्चीत बसून म्हणाल्या, "तू चूक केलीस. मी अजून रागावलेली आहे."

मी हो म्हटलं. सॉरी म्हटलं.

"इनेका सांगत होती, त्या दिवशी विम अंधारलेल्या पडद्यासमोर जेवणाची वेळ होईपर्यंत बसून होता. टाय काढू देईना." मग म्हणाल्या, "टाय वाकडा होता. लहानपणी मी बांधून द्यायचे."

सुचवणं, समजावणं, मध्ये पडणं, सगळं जिभेवर आलं होतं, पण गप्प राहिलो. चहा घेणार का विचारलं, त्या नको म्हणाल्या, मी टाकला नाही.

शेवटी त्याच म्हणाल्या, "रविवारी. माझ्या घरी. यंत्र तू लाव, आणि लावलंस की खिडकीपाशी जाऊन बस."

जाता जाता विचारलं, "तुझ्या बहिणीचं काय?"

मी म्हटलं, ती वेगळी गोष्ट आहे.

"माझीही वेगळीच होती," त्या म्हणाल्या.

रविवार, ३ डिसेंबर

कॉल लावला आणि सांगितल्याप्रमाणे खिडकीत जाऊन बसलो. सगळं डचमध्ये. दोघंही बहिरे, त्यामुळे दोघंही ओरडत होते. मला वाटलं, झालं, पुन्हा भांडण. मध्येच बाई थांबल्या. विमही थांबला. इतका वेळ कोणी बोलेना की कॉल तुटला की काय म्हणून मी उठणार होतो.

आणि नेलबाई खोकल्या. एकदाच.

पलीकडून विम खोकला. मग बाई पुन्हा. मग तो, चांगला लांबलचक. त्यानंतर दोघं हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. इनेकालाही काही कळत नव्हतं, ती माझ्याकडे बघून खांदे उडवत होती. मला तर काळजीच वाटली. विमच्या छातीतला आवाज मला आवडला नाही. इनेकाला म्हटलं, एक्स-रे काढून घे.

कॉल संपल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं आणि जे आजवर एकाही शाळेत सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

युद्धाचा शेवटचा हिवाळा. गावात खायला काही नाही, लोक ट्यूलिपचे कांदे उकडून खात होते. विम दोन दिवसांच्या रजेवर घरी आला, आणि एकटा नाही, फौजेतला एक सोबती घेऊन. दोघं गणवेशात टेबलाशी बसले. वर पोटमाळ्यावर शिंपी आणि त्याची मुलगी. जेवताना वरून मुलगी खोकली. स्पष्ट ऐकू आलं. आईच्या हातातला डाव थांबला. सोबत्याने मान वर केली.

आणि विम खोकला. मोठ्याने. पुन्हा खोकला. सोबत्याला म्हणाला, या मेल्या थंडीने छाती धरलीय. जेवण संपेपर्यंत तो खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शिंपी वाचला, मुलगी वाचली, यांचं घर वाचलं. सकाळी विम पुन्हा गणवेश चढवून आगगाडीत बसला आणि गेला.

"मग तर त्यानेच तुम्हाला वाचवलं," मी म्हटलं. "मग इतकी वर्षं राग कसला?"

"त्याचाच," नेलबाई म्हणाल्या. "तो मूर्ख पोरगा आहे असं मी धरून चालले असते तर कधीच माफ केलं असतं. पण त्याला कळत होतं, मोहन. काय बरोबर ते त्या टेबलाशी त्याला कळलं होतं. आणि कळूनही तो सकाळी गेला. ते मी अजून माफ केलेलं नाही. आज त्याला तसं सांगितलं."

"आणि तो?"

"म्हणाला, मीही नाही केलं." त्यांनी रुमाल काढला. "पण त्या खोकल्याबद्दल मी कधी त्याला थँक यू म्हटलं नव्हतं. तेवढं राहिलं होतं."

मी त्यांचा हात धरला. या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही.

गुरुवार, २१ डिसेंबर

इनेकाचा फोन. विम काल दुपारी गेला. न्यूमोनिया. मधल्या दिवसांत भाऊबहीण रोज बोलत होते. एकदा तर दोघं झोपूनच गेले, कॉल चालू ठेवून.

मी नेलबाईंना सांगायला गेलो. त्या ऐकून म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "मी जाऊ शकत नाही ना?" त्यांना उत्तर माहीत होतं, तरी विचारलं. मी डॉक्टर म्हणून नाही म्हटलं. नाही म्हणणं इतकं जड गेलं नव्हतं कधी.

गुरुवार, २८ डिसेंबर

आज विमचा अंत्यविधी. वेबकास्टवर.

अकराला गेलो. बाईंनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी स्वेटर आणि घरच्या चपलांत होतो. म्हटलं, पडद्यावर तर बघायचंय. म्हणाल्या, घरी जा आणि नीट कपडे करून ये. त्यांनी स्वतः काळा ड्रेस घातला होता, मोजे, बंद बूट, कॉलरला पिन. आधल्या दिवशी कोणाला तरी बोलावून केस सेट करून घेतले होते. मी टाय बांधून परत आलो.

आयपॅड फायरप्लेसवरच्या फळीवर ठेवला. एक छोटं चॅपल, रिकाम्या खुर्च्या, पुढे इनेका आणि चार माणसं. शवपेटी आत आणली तशा नेलबाई खुर्चीच्या दांड्याला धरून उठल्या. मी म्हटलं, बसा, तिथून तुम्ही कोणाला दिसत नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

आणि उभ्या राहिल्या. पूर्ण वेळ. मी कोपराला आधार देऊन शेजारी. त्यांचे पाय थरथरत होते ते माझ्या हातात कळत होतं. इनेकाने एकदा मागे वळून कॅमेऱ्याकडे बघितलं, बाईंनी लगेच मान सरळ केली, जणू भावाच्या घरच्या माणसांनी आपल्याला नीट उभं असलेलं बघावं. सगळं संपलं, पडदा निळा झाला, वर कंपनीचं नाव आलं, तरी त्या उभ्याच.

लॅपटॉपवर लोक क्रिकेट बघतात असं मी याच रोजनिशीत लिहिलंय.

घरी आलो. टाय न काढता रेखाला फोन लावला. दुपारची वेळ, पेशंट असतील, घेणार नाही असं वाटलं. पहिल्याच रिंगला घेतला.

"दादा? काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे. रेखा, एक विचारायचं होतं. सुप्रभाच्या वेळी... त्या दिवशी तू कुठे होतीस?"

ती म्हणाली, "प्रॅक्टिसमध्येच. माझ्या खोलीत. सकाळच्या पेशंटना इतर डॉक्टरांकडे पाठवलं होतं. वहिनीने दिलेली करड्या रंगाची साडी नेसून गेले होते. रिसेप्शनिस्ट म्हणाली, डॉक्टर, आज काही फंक्शन आहे का?"

"बसून बघितलंस?"

"बसून कसं बघणार रे? उभी होते." तिचा आवाज बारीक झाला. "तू मध्येच एकदा मागे वळून वर बघितलंस. कॅमेरा होता तिकडे. मला वाटलं, दादा मला शोधतोय. मी हात पण केला."

मी रडलो. फोनवर, मोठ्याने, धाकट्या बहिणीसमोर. तीही. मी मागे वळून बघितलं होतं हे मला आठवतं. कशासाठी ते आजवर माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने रेखा चाचरत म्हणाली, "मी येऊ का शनिवारी? म्हणजे तुला चालणार असेल तर. नाहीतर राहू दे."

कशाला उगाच त्रास घेतेस, हे तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं.

"ये," मी म्हटलं. "आज निघालीस तरी चालेल."